नाथसागरातले आजोळ

आजोळावर निबंध लिहायला सांगितला की मुले विहीर, चिंच, आजीची गोधडी असे सगळे ओळीने मांडतात. मी ते वीस वर्षे तपासत आलो आहे. माझे स्वतःचे आजोळ मात्र मी पाहिलेले नव्हते. माझ्या जन्माआधीच ते पाण्यात गेले. पैठणला जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी बसवली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले, आणि मागे साठलेल्या पाण्याला एकनाथ महाराजांवरून नाथसागर हे सुंदर नाव मिळाले. आईचे माहेर त्या सुंदर नावाखाली गेले.

यंदा फेब्रुवारीत आई सहज म्हणाली, "पाणी ओसरलं की आमचं टेकाड उघडं पडतं म्हणतात. जाऊन बघ तरी." सत्तरी ओलांडलेल्या आईची ही पहिलीच मागणी. आमच्या सौभाग्यवतींनी थर्मास, कानटोपी आणि पोहता न येण्याबद्दलच्या चार सूचना बरोबर दिल्या, आणि मी नगरहून शेवगाव, शेवगावहून मुंगी असा एस.टी.ने निघालो.

हे मुंगी म्हणजे मुंगी-पैठणातले मुंगी. इतिहासाच्या पुस्तकात त्याला एकच ओळ मिळते: ६ मार्च १७२८, मुंगी-शेवगावचा तह. त्या ओळीमागची धावपळ मोठी गमतीची आहे. निजाम जड तोफा घेऊन पुण्यावर आला, तर सत्तावीस वर्षांचा बाजीराव त्याच्या समोर येईचना! तो जालन्याकडून खानदेश, तिथून गुजरात असा हिंडत राहिला. अखेर निजाम चिडून पाठलागावर निघाला, जड तोफा मागे राहिल्या, आणि वैजापुराजवळ पालखेडला मराठ्यांनी त्याला असे कोंडले की फौजेला दाणापाणी मिळेना. मोठी लढाई न होताच तो नमला. दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी शाहूमहाराजांना द्यावी, असे ठरले. पुढे माँटगोमेरीसारख्या सेनापतीने या मोहिमेची वाखाणणी केली. माझे आजोबा मात्र सांगत, "तहाच्या वेळी निजामाचे तंबू आपल्याच टेकाडावर होते." याला कागदाचा आधार मला कुठे मिळालेला नाही. पण आजोबांना कागद विचारण्याची सोय नव्हती.

पाण्यावाचून फौज हैराण झाली त्या मुलखाजवळ आज साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी पसरले आहे. होडीवाले बाबा मला म्हणाले, "सर, हे बेट न्हाई. टेकाड हाये. पानी आलं म्हून बेट झालं."

बेटावर वस्ती म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची दोन पाले, एक चूल आणि वाळत घातलेली जाळी. तीही पाणी चढले की उठते. बाकी सारे राज्य पाखरांचे. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. चिखलात चमच्यासारख्या चोचीचे चमचे, काळे शराटी, दूर पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ; हिमालय ओलांडून आलेले, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस.

आणि चक्रवाक! संस्कृत काव्यात रात्रभर ताटातूट सोसणारी ही जोडी मी वर्गात किती रंगवून सांगितली असेल! प्रत्यक्षात विटकरी रंगाचे एक लठ्ठसे बदक जोडीदारिणीच्या अंगावर खेकसत उभे होते. विरह वगैरे काही दिसला नाही. ते असो, मला ते फार आवडले.

बाबांना मात्र पाखरांचे कौतुक बेताचेच. त्यांचेही गाव याच पाण्यात. पाणी हटले की उघड्या पडलेल्या जमिनीत हरभरा, गहू पेरायचा. तिला गाळपेर म्हणतात. "एकदा सरकारनं उठवलं, आता ही परदेशी पाव्हनी कवळा हरभरा खात्यात. आन् त्यांना हाकलायचं न्हाई, कायदा हाये." ते रागाने बोलत नव्हते. पण मघाशी हंसांचे फोटो काढणारा माझा हात नकळत खिशात गेला. ज्या चिखलावर पाखरे जगतात तोच चिखल याची उरलीसुरली शेती आहे, हे दुर्बिणीतून दिसत नाही.

उतरणीवर मातीचा रंग एकदम बदलला. शेताची काळी संपली आणि गावठाणाची पांढरी सुरू झाली. खापरांचे तुकडे, जात्याचे अर्धे पाळू, एक सपाट दगड. उंबरा असेल किंवा नसेलही. घर कुठले, गल्ली कुठली, काही कळेना. मी रुमालात ओंजळभर माती बांधली.

घरी आईने रुमाल सोडला, चिमूट बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"चिंच आहे का रे?"

"नाही."

"मारुती?"

"मारुती आधीच नव्या गावात नेला ना?"

"हो, मीच विसरले." मग तिने मातीचे दोन वाटे केले. एक तुळशीत घातला, दुसरा वर्तमानपत्राच्या पुडीत बांधला आणि वर दोरा गुंडाळून म्हणाली, "हा तुझ्या मावशीचा. पुढच्या रविवारी नेऊन दे. एस.टी.त गर्दी असते, नीट धर."