एका लेखाचे किती?

गेल्या वर्षी आम्ही तिघांनी मिळून केवळ महाजालावर प्रसिद्ध होणारा एक दिवाळी अंक काढायचे ठरवले. कागद नाही, छपाई नाही, टपाल नाही. तेव्हा खर्चही नाही, अशी आमची भाबडी समजूत होती. लेखकांना पत्रे गेली. पत्रांत विषय होता, शब्दमर्यादा होती, अंतिम तारीख होती. पैशांचा उल्लेख नव्हता, आणि तो राहून गेला आहे हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही.

ते लक्षात आणून दिले आमच्याच एका माजी विद्यार्थिनीने. नेट उत्तीर्ण झालेली ही मुलगी सहा वर्षे दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवते आणि उरलेल्या वेळात लेख, भाषांतरे, मुद्रितशोधन असे मिळेल ते काम करते. तिने दूरध्वनीवर विचारले, "सर, लेखाचे किती मिळतील? म्हणजे मला तसा वेळ काढता येईल." प्रश्न सरळ होता. आम्हाला मात्र तो लागला. साहित्याच्या कामात ही पैशांची भाषा कशाला, असे मनात येऊन गेले हे कबूल केले पाहिजे. वास्तविक आमचे पगार वेतन आयोगाने ठरवलेले. लेख लिहिला की पदोन्नतीच्या कागदपत्रांत भर पडते. म्हणजे लेखाचे पैसे आम्हालाही मिळतातच, फक्त ते संपादक देत नाही. (लेख छापून यावा म्हणून उलट पैसे भरणारे सहकारीही आम्ही पाहिले आहेत, पण तो विषय वेगळा.)

'मानधन' हा शब्दच मोठा लबाड आहे. मजुरी म्हटले की घाम दिसतो, बिदागी म्हटले की निरोप घेणारा कीर्तनकार दिसतो. मानधनात मान पुढे आणि धन मागे, आणि पुष्कळदा मागचे मागेच राहते. संस्कृतात तर मानधन म्हणजे मान हेच ज्याचे धन आहे असा पुरुष. भारवीच्या 'किरातार्जुनीया'च्या पहिल्या सर्गात वनेचर युधिष्ठिराला दुर्योधनाच्या योद्ध्यांचे वर्णन ऐकवतो. ते योद्धे मानधन आहेत, आणि त्याला लागूनच दुसरे विशेषण येते, धनार्चित. मानी आहेत म्हणून त्यांना धन नको असेल, असे दुर्योधनाने गृहीत धरलेले नाही. आम्ही धरले होते.

एका हितचिंतकांनी ६० हजार रुपये दिले. त्यातले १२ हजार मांडणी आणि तांत्रिक कामाला गेले. तंत्रज्ञाने आपला दर पहिल्याच भेटीत सांगितला आणि आम्ही तो निमूटपणे मान्य केला. तिथे कोणाला काही लागले नाही. उरलेल्या ४८ हजारांचे वाटप कसे करायचे यावर दोन संध्याकाळी गेल्या.

प्रथम सूचना आली ती शब्दागणिक दराची. इंग्रजीत हीच रीत आहे, हिंदीतही ती रुळली आहे. पण मराठी व्याकरण शिकवणाऱ्यांनी तरी हे विसरू नये की आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटून येतात. हिंदी लेखक 'घर के सामने वाले पेड़ के नीचे से' लिहितो तेव्हा त्याचे आठ शब्द भरतात. तेच मराठी लेखक 'घरासमोरच्या झाडाखालून' असे लिहितो आणि दोन शब्दांचे पैसे घेऊन घरी जातो. शिवाय शब्दांवर पैसे दिले की लेखातले पाल्हाळ आपण विकत घेतो. जो लेखक तीन परिच्छेद खोडून एक ठेवतो त्याला दंड होतो.

दुसरी सूचना वाचकसंख्येची. जितके वाचक तितका मोबदला, महाजालावर हे मोजताही येते. पण मग 'लीळाचरित्रा'वरच्या लेखकाने काय करावे? त्याला वाचक मिळतील, पण सावकाश. छापील अंक पुढच्या दिवाळीपर्यंत रद्दीत गेलेला असतो. महाजालावरचा लेख पाच वर्षांनीही कोणी शोधत येतो, विशेषतः परीक्षेच्या आधी. मग एकदाच दिलेली रक्कम नेमकी कितीशा काळाची? १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. आम्ही एक वर्ष असे लिहिले. त्यानंतर लेखकाने लेख कुठेही द्यावा.

कवितेचा प्रश्न आम्ही सोडवला नाही, टाळला. अंकात कविताच घेतल्या नाहीत.

अखेर १२ लेख, प्रत्येकी ४ हजार, नामवंत असो वा नवखा, असे ठरले आणि आम्ही काहीशा अभिमानाने तिला कळवले. तिने शांतपणे विचारले, "लेख स्वीकारल्यावर, की अंक निघाल्यावर?" हे आम्ही ठरवलेच नव्हते. आमच्यापैकी एकाला तेव्हा आठवले की ऐन तिशीत एका नियतकालिकाला दिलेल्या लेखाचे पैसे कधी आलेच नाहीत, आणि विचारायला संकोच वाटला म्हणून ते विचारलेही नाहीत. त्याच बैठकीत ठरले: स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत. मागवलेला लेख नाकारला तर अर्धी रक्कम, आणि ती आमच्या खिशातून. तसे दोनदा झाले.

तिला लेखासाठी किती दिवस लागले, हे नंतर बोलता बोलता कळले. अकरा. ग्रंथालयाच्या फेऱ्या त्यातच आल्या. चार हजारांना अकराने भागले की चारशेहून कमी उरतात. मग कोणीतरी आपल्या पगाराला तिसाने भागायला घेतले आणि मध्येच थांबले. ते गणित त्या दिवशी कोणी पूर्ण केले नाही.

लेखासोबत तिने बँक खात्याचा तपशील न मागता पाठवला होता. बाकीच्यांकडून तो मिळवायला आम्हाला महिनाभर पाठपुरावा करावा लागला. तिघांनी तर "राहू द्या हो, आपल्यात कसले पैसे" असे कळवले. त्यांपैकी दोघे निवृत्तिवेतन घेतात. तिसरा घेत नाही. त्याला नोकरीच नाही. त्याचा खाते क्रमांक आम्ही अजून मागतो आहोत.