दादाचं पासबुक

दादाचं पासबुक आई लोखंडी कपाटात, पातळांच्या घडीखाली ठेवायची. खातेदार दादा, खाली अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आई. त्यात संजय गांधी निराधार योजनेचे महिना 600 रुपये जमा व्हायचे. बाबा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला होते. ते गेल्यावर आईने सीपीआर या सरकारी रुग्णालयातून दादाचा अपंगत्वाचा दाखला काढला, तलाठ्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घातले आणि अर्ज भरला. दादाला सेरेब्रल पाल्सी आहे. मानसुद्धा त्याला धरता येत नाही.

त्या पैशांत त्याची फिटची औषधं आणि अंगाला चोळायचं तेल यायचं. कॉलेजात असताना मी एकदा म्हटलं, "आई, ह्यातलं शंभर रुपये तुला ठेव की." ती म्हणाली, "त्येचं पैसं हाईत बाळा. माझं कुठलं?" आणि ते खरंच होतं. अनुदान दादाच्या अपंगत्वाचं होतं. त्याला जगवणाऱ्या बाईसाठी कुठेच काही धरलेलं नव्हतं.

पेज भरवताना ठसका लागू नये म्हणून त्याची मान हातावर तोलून अर्धा-पाऊण तास बसायचं. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी जखम होते आणि ती भरता भरत नाही. आखडलेले पाय रोज हळूहळू सैल करायचे. गिऱ्हाइकाला दिलेली वेळ पाळता येईना, तेव्हा आईचं शिवणकाम सुटलं. दादा अंगाने वाढला, तशी त्याला उचलून उचलून तिची कंबर गेली. तो अठरा वर्षांचा झाल्यावर कायद्याने सज्ञान ठरला; मग राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून आईला त्याची पालक म्हणून पुन्हा प्रमाणपत्र काढावं लागलं.

2019 मध्ये अनुदान 1,000 झालं. पुढे मला लक्ष्मीपुरीत एका पेढीवर हिशेबाचं काम मिळालं आणि पासबुकातल्या नोंदी थांबल्या. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा होती वर्षाला 50,000 रुपये, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या जरा वर. माझ्या पगाराने घर त्या रेषेच्या वर गेलं, पण आईचं काम तासाभरानेही कमी झालं नाही. 2023 मध्ये अनुदान 1,500 झालं आणि ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना 2,500. ज्यांना मिळतंय त्यांच्यासाठी ही वाढ मोलाची आहे, हे मी मनापासून म्हणते.

आई गेल्यावर दिवसा दादाजवळ मावशी ठेवल्या. बारा तासांचे महिना 15,000. पहिला पगार मोजून त्यांच्या हातात दिला, तेव्हा मला रडू आवरेना. ह्या कामाला गावात भाव होता. मावशींचे कष्ट पाहता तो कमीच आहे. रात्र माझ्याकडे असते.

अपघाताच्या खटल्यांत न्यायालयं हा हिशेब करतात. अपघाताने पूर्ण परावलंबी झालेल्या बारा वर्षांच्या एका मुलीसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दोन मदतनिसांचा खर्च धरला: प्रत्येकी महिना 5,000, 18 च्या गुणकाने 21,60,000 रुपये. जन्मापासून तसंच असलेल्या मुलाच्या आईने हा हिशेब कुणापुढे मांडायचा?

घरच्या माणसाची काळजी घेणाऱ्यांसाठी ब्रिटनने 1976 मध्ये भत्ता सुरू केला, पण विवाहित बायकांना वगळून. त्या घरीच असणार, असं धरून. आपल्या आईची सेवा करणाऱ्या जॅकलिन ड्रेक त्याविरुद्ध लढल्या आणि 1986 मध्ये युरोपीय न्यायालयात जिंकल्या. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्ता लिहिलेला आहे. केरळची 'आश्वासकिरणम' योजना काळजी घेणाऱ्याला महिना 600 रुपये देते. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती सेवा करणाऱ्या माणसासाठी आहे.

महाराष्ट्रातही असा भत्ता हवा. तो आईच्या, बहिणीच्या, जो कुणी रात्री उठतो त्याच्या स्वतःच्या खात्यावर यावा आणि घरातल्या कुणाला नोकरी लागली म्हणून तुटू नये. रक्कम किती, हे ठरवायला मावशींच्या पगारापासून सुरुवात करता येईल.