वाईला अर्धा तास

पुण्याहून महाबळेश्वरला निघालेला माणूस वाईला थांबतो तो गणपतीसाठी, नाहीतर चहासाठी. आयुष्याची पहिली १२ वर्षे ज्याने त्या गावात काढली आहेत, त्याला मात्र असे सोयीचे कारण सापडत नाही. तो आपला "मुलांना गाव दाखवू" म्हणतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मीही तेच म्हणालो. सौभाग्यवतींनी घड्याळाकडे पाहून अर्धा तास मंजूर केला.

गाव दाखवणे वाटते तितके सोपे नसते. मराठी शिकवण्याचा पेशा असल्यामुळे सनावळीचा आधार घेण्याची मला खोड आहे. ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ साली रास्त्यांनी बांधले आणि पुराचे पाणी कापले जावे म्हणून त्याची मागची बाजू माशाच्या आकाराची केली, हे मी अशा ऐटीत सांगितले, की जणू गवंड्याला सूचना मीच दिल्या होत्या! मग विश्वकोशाची पाळी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी या एवढ्याशा गावात बसून साऱ्या जगाचे ज्ञान मराठीत आणायचे मनावर घेतले आणि १९७६ साली पहिला खंड बाहेर पडला. चिरंजीवांनी सोशिकपणे ऐकून घेतले. त्यांना शेजारची मेणवली तेवढी ठाऊक होती. पण तीही नाना फडणविसांच्या वाड्यामुळे नव्हे, २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटामुळे.

१९९२ साली वडिलांची बदली झाली तेव्हा मधल्या आळीतले आमचे बिऱ्हाड हलले. त्या वाड्याच्या जागी आता तीन मजली इमारत आहे. तिच्याकडे पाहून काय वाटून घ्यावे ते ठरेना, म्हणून आम्ही घाटावर आलो. इथे मात्र मी खुललो. कुठल्या पायरीवरून आम्ही पोरे उड्या टाकीत असू, कृष्णाबाईच्या उत्सवात एकेका घाटाची पाळी आली की केवढी गर्दी उसळे... माझी टकळी सुरू झाली.

आई इतका वेळ गप्प होती. पंच्याहत्तरीची बाई; गुडघे दुखतात, गाडीतच बसते, असे म्हणत होती. पण नातीचा हात धरून हळूहळू खाली उतरली आणि एका जागी थांबून म्हणाली, "हा माझा दगड."

प्रत्येक बाईचा धुण्याचा दगड ठरलेला असे. दिवाळीच्या तोंडावर घरातल्या साऱ्या गोधड्या इथे यायच्या. भिजलेली गोधडी एकटीला पिळवत नसे. मग शेजारच्या काकू दुसरे टोक धरीत, आणि नंतर त्यांच्या गोधडीचे टोक आई धरी. ते ओले ओझे काखेत घेऊन पायऱ्या चढायच्या, वडिलांच्या जेवणाची वेळ गाठायची, त्यातच कुणीतरी साबणाची वडी लांबवलेली असायची. सगळे तिला तोंडपाठ! त्याच सकाळी, त्याच घाटावर, दहा हातांवर मी पोहत असे. माझ्या वाईत गोधड्या नाहीतच.

"आजी, तूपण उड्या मारायचीस?" नातीने विचारले.

"मी? अगं, मला कुठला वेळ!"

आणि असे म्हणता म्हणता तिने चपला काढल्या, साडी जराशी वर खोचली आणि पाण्यात पाय सोडून बसली. अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता. सौभाग्यवतींनी घड्याळ पाहिले नाही.

"पाणी गार आहे का गं?" मी विचारले.

"गार कसलं! पौषात पहाटे यायचं होतंस माझ्याबरोबर."