पोर्तुगालला निघण्यापूर्वी

वेवजीहून पोर्तुगालला जाऊ इच्छिणाऱ्यांनी आधी एवढे ध्यानात घ्यावे, की १९५४ पर्यंत तो देश येथून फारसा दूर नव्हता. तलासरीला लागून असलेल्या दादरा-नगरहवेलीवर लिस्बनचा अंमल होता. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टात तो संपला. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मंडळी त्या लढ्यात होती. भारताने वाट अडवली म्हणून पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १२ एप्रिल १९६० चा निकाल मासलेवाईक आहे: खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना, भारताच्या नियंत्रणाखाली, वाटेचा हक्क होता, सैन्याला नव्हता, आणि भारताने कर्तव्यभंगही केलेला नव्हता. वाद दोन सरकारांच्या वाटेचा होता, त्या रानातून रोज ये-जा करणाऱ्या वारल्यांच्या वाटेचा नव्हे. एकोणीस दिवसांनी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, ठाणे जिल्ह्यातले उंबरगाव पलीकडे गेले आणि वेवजी स्वतःच सीमेवरचे गाव झाले. शेजारच्या सोळसुंब्याशी हद्दीचा वाद अलीकडच्या वर्षांतही उद्भवला आहे.

आता वाट अडवण्याचे काम व्हिसा करतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वी निदान पंधरा दिवस तरी करावा लागतो. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा हवा, आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध हवा.

भाषेचे भय नको. साबण, चावी, बादली, घमेले, बिजागरी, लिलाव, पगार हे शब्द आपल्याकडे तिकडूनच आले. अर्थात पोर्तुगीज माणूस स्वर गिळून बोलतो, त्यामुळे ते कानाला सहजी ओळखू येत नाहीत. आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादु' म्हणावे, स्त्रीने 'ओब्रिगादा'. 'आलो' आणि 'आले' सांभाळणाऱ्यांना हे जड जाऊ नये. पावाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. उपाहारगृहात तो ऑलिव्हसह न मागता समोर येतो. खाल्ला की बिलात लागतो. नको असल्यास हात न लावता परत न्यायला सांगावे, त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

लिस्बन टेकड्यांवर वसलेले आहे आणि पदपथांचे गुळगुळीत दगड पावसात निसरडे होतात, तेव्हा चपला घरीच ठेवाव्यात. वास्को द गामा आणि कवी कामोंइश यांच्या समाध्या जेरोनिमुश मठाच्या एकाच चर्चमध्ये आहेत. सोमवारी मठ बंद असतो. त्या दिवशी साहित्याच्या विद्यार्थ्याने 'तोर्रे दु तोंबु' हे राष्ट्रीय अभिलेखागार गाठावे, असे आम्ही सुचवू. आपल्या किनाऱ्याविषयीचे कितीतरी कागद तेथे आहेत आणि पर्यटकांची गर्दी तिकडे फिरकत नाही.