सही करण्याआधी

दुचाकी घसरली, गुडघा सोलवटला, आरसा फुटला आणि समोरच्याने तिथल्या तिथे दुरुस्तीचे पैसे दिले, तर वकिलाची पायरी चढायचं काही कारण नाही. पत्र्याचं नुकसान विम्याचा सर्व्हेअर बघतो. स्वतःच्याच चुकीने गाडी दुभाजकावर आदळली असेल, तर दावा लावायला समोर कुणी नसतंच. अशा वेळी मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं, तर पॉलिसीतलं मालक-चालकासाठीचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात विमा संरक्षण कामाला येतं. मोटार अपघात दाव्यांची वकिली करणाऱ्याने हे सांगणं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय, पण खरं ते हेच.

हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, काम सुटलं किंवा घरातलं माणूस गेलं, की मात्र वकील लागतो. तो किती लवकर लागतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. कुटुंब दुःखातून सावरेपर्यंत वर्षश्राद्ध उलटतं आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘अरे, क्लेम टाकला का?’ १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालच्या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. त्याआधी अनेक वर्षं मुदतच नव्हती, म्हणून गावोगावी जुनीच समजूत टिकून आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय. त्याच्या भरवशावर कुणी थांबू नये.

खरं तर २०२२च्या नियमांनुसार पोलिसांनीच ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो. पुढे ९० दिवसांत सविस्तर अहवाल जातो आणि त्यालाच दावा-अर्ज मानता येतं. कागदावर वकिलाची गरजच उरत नाही. अडचण त्या कागदात काय लिहिलंय, याची असते.

जखमीला कॅज्युअल्टीत आणणारा शेजारी घाबरून सांगतो, ‘गाडीवरून पडला.’ डॉक्टर तेवढंच लिहून घेतात. ट्रकने मागून धडक दिली होती, हे फिर्यादीत दोन दिवसांनी येतं. दीड-दोन वर्षांनी साक्ष होते, तेव्हा विमा कंपनीचा वकील उलटतपासात केसपेपरचं ते पान पुढे करतो आणि शांतपणे विचारतो, ‘म्हणजे पेशंट स्वतःच पडला, असंच ना?’ दावा तिथे लंगडतो. वाहनाचा नंबर कुणी टिपला नाही, तर प्रकरण ‘अज्ञात वाहन’ सदरात जातं. मग मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये, एवढंच हाती लागतं. त्याचा अर्ज दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो, वकिलाशिवायही चालतो. पण वाहन खरंच अज्ञात आहे का, हे आधी बघायला हवं. टोलनाक्याचं आणि पेट्रोलपंपाचं चित्रीकरण फार दिवस ठेवलं जात नाही.

पैशाचा हिशोब दिसतो तितका गूढ नाही. समजा, ३२ वर्षांचा गवंडी गेला. मागे बायको, दोन मुलं, आई. महिन्याची कमाई १८ हजार. २०१७च्या प्रणय सेठी निकालानुसार भावी वाढीचे ४० टक्के धरले, की २५,२०० होतात. चार अवलंबित असल्याने त्याचा स्वतःचा चौथा हिस्सा वजा केला, की उरले १८,९००. वर्षाचे २,२६,८००. या वयाला २००९च्या सरला वर्मा निकालातला गुणक १६, म्हणजे ३६,२८,८०० रुपये. आता कमाईचा पुरावा नाही म्हणून न्यायाधिकरणाने महिना १० हजारच धरले, तर हाच आकडा २०,१६,००० वर येतो. सोळा लाखांचा हा फरक कोर्टातल्या भाषणाने भरून निघत नाही. मुकादमाची हजेरीवही, बँकेतल्या नोंदी, ज्याचं घर बांधलं त्याची साक्ष हे वेळेत गोळा करावं लागतं.

अपंगत्वाच्या दाखल्यातही गोम असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार प्रकरणात डाव्या हाताचं उदाहरण दिलं. हात तुटला, तर वैद्यकीय अपंगत्व साधारण ६० टक्के. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. डॉक्टर टक्का शरीराचा देतात, पोटापाण्याचा टक्का वकिलाला सिद्ध करावा लागतो.

गृहिणीच्या बाबतीत तर कुटुंबच म्हणतं, ‘ती काही कमवत नव्हती.’ असं म्हणू नये. दिल्लीतल्या एका जोडप्याच्या मृत्यूच्या प्रकरणात जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई २२ लाखांवरून ३३ लाख २० हजारांवर नेली. त्या निकालात घरकामाला बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७, ही सरकारी पाहणीही नोंदवली आहे.

वकील नक्की गाठावा अशी वेळ म्हणजे विमा कंपनीचा प्रस्ताव हातात पडतो ती. कलम १६४ खाली चूक कुणाची हे न बघता मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. चूक आपल्याच माणसाची असण्याची शक्यता असेल, तर ते घेणं शहाणपणाचं. पण ते स्वीकारले, की कलम १६६ चा दावा संपतो. वरच्या गवंड्याच्या घरच्यांनी ५ लाखांवर सही केली तर काय होईल, ते उघड आहे. लोकअदालतीतली तडजोडही अशीच: पैसे लवकर मिळतात, अपील मात्र नाही. मी तडजोडीच्या विरोधात नाही, उलट लहान दाव्यांत तीच बरी. हिशोब मांडून मग सही करावी, इतकंच.

वकील कुठला? अपघात महाडजवळ झाला आणि घर लातूरला असलं, तरी दावा लातूरला लावता येतो. रुग्णालयाच्या व्हरांड्यात आपणहून व्हिजिटिंग कार्ड देणाऱ्याला मात्र टाळावं. बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला गिऱ्हाईक शोधत फिरायला मनाई आहे, तशीच निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवायलाही. अमेरिकेत तिसरा हिस्सा वकिलाचा ही सर्रास पद्धत. इथे ती बेकायदा. तेलंगणातल्या एका विधवेकडून अपघात भरपाईतल्या वाट्यापोटी वकिलाने धनादेश घेतला आणि तो न वटल्यावर तिच्यावरच फौजदारी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती कारवाई रद्द केली.

फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. जाताना फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, केसपेपर आणि कमाईचे कागद यांच्या झेरॉक्स न्याव्यात. कोऱ्या कागदावर सही करू नये आणि पासबुक स्वतःकडेच ठेवावं.