सांगाडा कायमचा, छत पाहुणे

तिरोड्यात घरामागच्या सांदवाडीत ग्रीनहाऊस बांधायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चारी बाजूंनी प्लास्टिकने बंद केलेली, अर्धगोल छताची खोली येते. हौस समजण्यासारखी आहे. जानेवारीत हिरवागार असलेला पालकाचा वाफा एप्रिलमध्ये करपलेला पाहिला की त्यावर काहीतरी घालावेसे वाटणारच. पण ती बंद खोली थंड मुलखात थंडीशी झुंजण्यासाठी जन्मली, आणि आपली झुंज निदान तीन महिने उन्हाशी व तीन महिने पावसाशी असते. म्हणून माझा आग्रह असा, की परसात सांगाडा पक्का आणि कायमचा असावा, त्यावरचे आच्छादन मात्र ऋतू पाहून चढवता-उतरवता यावे. वर्षातले काही महिने त्या सांगाड्यावर काहीच नसावे, हेही त्यात आले.

बंद घर का तापते, याचे नेहमी सांगितले जाणारे उत्तर असे की काचेतून ऊन आत येते, आतली उष्णता मात्र काचेतून बाहेर जात नाही. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ साली हे तपासून पाहिले. त्यांनी दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच, दुसरीवर खनिज मिठाची पारदर्शक पाटी. मिठाची पाटी उष्णतेचे किरण अडवत नाही, म्हणजे नेहमीचे उत्तर पुरते खरे असते तर ती पेटी बरीच थंड राहायला हवी होती. दोन्ही पेट्यांना एकसारखेच ऊन मिळेल अशी व्यवस्था केल्यावर दोन्ही साधारण ५५ अंशांपर्यंत तापल्या आणि त्यांच्यातला फरक जेमतेम एखाद्या अंशाचा निघाला. अर्थ सरळ आहे. घर तापते ते मुख्यतः तापलेली हवा आत कोंडली जाते म्हणून. हे एकदा मान्य केले की प्लास्टिक किती मायक्रॉनचे घ्यायचे, हा दुकानात सगळ्यांत आधी विचारला जाणारा प्रश्न मागे पडतो आणि हवा कुठून येणार, कुठून जाणार हा प्रश्न पुढे येतो. त्यातही परसातले घर ठेंगणे असते. जमिनीवर ऊन तेवढेच पडते, पण ती उष्णता सामावून घ्यायला वर हवा थोडी. मोठ्या, उंच पॉलीहाऊसला सकाळचे दोन-तीन तास जी सवलत मिळते, ती या छोट्या घराला मिळत नाही.

थंड देशांनाही उन्हाचा हा हिशेब चुकवता आलेला नाही. लंडनजवळच्या क्यू उद्यानातले पाम हाऊस १८४०च्या दशकात बांधले, तेव्हा झाडे भाजू नयेत म्हणून त्याला मुद्दाम हिरवट छटेची काच बसवली होती. स्पेनमधल्या आल्मेरिया भागात सुमारे ३० हजार हेक्टरवर प्लास्टिकची घरे आहेत. तिथले शेतकरी उन्हाळ्यात त्या प्लास्टिकवर चुन्याचा हात मारतात आणि बरीच घरे भर उन्हाळ्यात रिकामी ठेवतात. आल्मेरियाचे उन्हाळी दुपारचे तापमान तीस-बत्तीस अंशांच्या घरात असते. तिरोड्यात मे महिन्यात ४४ अंशांची दुपार कोणालाही नवी नाही. त्यात आपण साधारण साडेएकवीस अक्षांशावर, म्हणजे मेअखेर आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर सूर्य अगदी डोक्यावर. टोमॅटोचे परागकण पस्तिशीच्या पुढे निकामी होऊ लागतात, आणि रात्र बावीस-तेवीस अंशांच्या खाली उतरली नाही तरी फूल येऊन गळून जाते. अशा वेळी बंद घर बांधणे म्हणजे रोगावर रोगच औषध म्हणून देणे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की मग तळेगाव दाभाड्याला आणि पुणे-नाशिक पट्ट्यात पॉलीहाऊसमध्ये जरबेरा, गुलाब आणि रंगीत ढोबळी मिरची कशी पिकते? पिकते, आणि उत्तम पिकते. पण तो मुलूख समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच आहे, तिथल्या रात्री निवतात. आपण त्याच्या निम्म्या उंचीवर, वैनगंगेच्या खोऱ्यात. शिवाय ते धंद्याचे घर असते. पंधरा-अठरा फूट उंची, माथ्यावर हवा सुटायला उघडी फट, फॉगर, वीज, आणि दिवसभर लक्ष ठेवणारा माणूस. दुसरा आक्षेप पंखे आणि ओल्या पॅडचा. ही युक्ती विदर्भाला कोणी समजावून सांगायला नको, कारण ती म्हणजे आपला कूलरच आहे. मेच्या कोरड्या हवेत कूलर जीव वाचवतो, आणि जुलैत तोच कूलर खोलीत नुसती दमट चिकचिक करतो. पॅडचे घरही तेच करील, वर वीज गेली की तासाभरात आतली रोपे माना टाकतील. मोठ्या क्षेत्राला शासनाचे अनुदान मिळते म्हणून परसातही तोच नमुना लहान करून आणावा, हे मला पटत नाही. नमुना लहान केला की त्याचे दोष लहान होत नाहीत.

मग उन्हाळ्यात काय? मार्चच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत फक्त शेडनेट, तीही छतावर आणि पश्चिमेच्या अंगाला. पस्तीस ते पन्नास टक्के सावली पुरे. पंचाहत्तर टक्क्यांची जाळी माणसाला बसायला छान, पण तिच्याखाली भाजी उजेडाच्या शोधात लांबट, लुळी होते. काळी जाळी स्वतः तापते, त्यामुळे ती झाडांच्या अगदी डोक्यावर ताणू नये. दहा फुटांवर असेल तर मधून वाहणारा वारा ती उष्णता घेऊन जातो. पांढरी जाळी मिळाली तर अधिक बरी. आणि जाळीइतकेच काम जमिनीवरचे तणस करते. धानाच्या या मुलखात ते विकत आणावे लागत नाही, आणि चार बोटे जाडीचा थर दिला की सिहार मातीची वरची पापडी धरत नाही, ओल टिकते. नारळाचा कोकोपीट दक्षिणेतून पिशव्या भरून आणायचा आणि गोंदियाच्या राइस मिलचा कोंडा मात्र ढिगाने पडू द्यायचा, हेही मला विचित्र वाटते. अर्धवट जाळून काळा केलेला कोंडा कंपोस्टात मिसळला की रोपांच्या ट्रेला हलके, निचऱ्याचे माध्यम मिळते. पूर्ण पांढरी राख होऊ द्यायची नाही, एवढेच पथ्य.

इथे कोणी म्हणेल, आमच्या आज्यांनी हे सगळे मांडवावर भागवले होते. बरोबर आहे, आणि मांडव हाच माझ्या युक्तिवादाचा खरा आधार आहे. वालाचा, दोडक्याचा किंवा कारल्याचा वेल वर, खाली त्याच्या चाळणीसारख्या सावलीत सांभार आणि पालक. बाजू उघड्या, वारा मोकळा, हंगाम संपला की वेल ओढून काढला आणि ऊन खाली आले. म्हणजे छत पाहुणे असावे ही गोष्ट इथे नवी नाही. मांडवाची उणीव दोन ठिकाणी जाणवते. वेल मार्चमध्ये हवा असतो आणि तो भरतो जुलैत. आणि मांडव पाऊस अडवत नाही. या दोन जागा भरण्यापुरतेच नवे साहित्य आणावे.

पावसाचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे वर्षाला बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. शेडनेट तो अडवत नाही. उलट जाळीवर थेंब जमून मोठे होतात आणि नेमके रोपावर आदळतात. ढगाळ जुलैत जाळीची सावली हे नुसते नुकसान आहे. म्हणून पाऊस लागला की जाळी उतरवावी, पण प्लास्टिकही लगेच चढवू नये. कायम छताखालच्या मातीत खतांचे क्षार वरच्या थरात साचत जातात, कारण त्यांना खाली धुऊन नेणारे पाणीच पडत नाही. मृग आणि आर्द्राचा पाऊस त्या वाफ्यांवर खुशाल पडू द्यावा. भेंडी, चवळी, दोडके तो सोसतात. प्लास्टिकचे छत ऑगस्टमध्ये, टोमॅटो, मिरची आणि फुलकोबीची रोपे टाकताना कामाचे. तेव्हा रोपे कोलमडण्याचा आणि करप्याचा जोर असतो, आणि पाने कोरडी राहिली तर निम्मी फवारणी वाचते. फक्त छत, बाजू उघड्या. ऑक्टोबरात ते घडी करून घरात ठेवावे. दरवर्षी हा चढ-उतार करायचा कंटाळा येणार, हा आक्षेप रास्त आहे. पण अॅल्युमिनियमचे चॅनल आणि झिगझॅग स्प्रिंग बसवले असतील तर छोट्या घराचे काम दोन माणसांच्या एका सकाळचे आहे, आणि वैशाखाच्या उन्हात न राहिलेले प्लास्टिक टिकतेही अधिक.

कीटकांच्या जाळीबद्दल उत्साह जरा आवरायला हवा. चाळीस मेशची जाळी पांढरी माशी अडवते, म्हणजे टोमॅटोचा पर्णगुच्छ विषाणू बराचसा दाराबाहेर राहतो; वांग्याचे शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीचा पतंगही अडतो. मिरचीच्या चुरडा-मुरड्यामागे असलेले फुलकिडे मात्र इतके बारीक की त्या जाळीचा त्यांना पुरता धाक नाही. आणि जाळी जितकी बारीक, तितका वारा कमी, म्हणजे वुड यांची पेटी पुन्हा मागच्या दाराने आत. शिवाय काकडी, कारले, दोडके यांचे नर-मादी फूल वेगळे. जाळीने मधमाशी बाहेर ठेवली की परागीकरण हाताने करावे लागते. म्हणून रोपवाटिकेचा कोपरा तेवढा जाळीबंद करावा. रोपाचे पहिले चार आठवडे सांभाळले गेले की त्यापुढची लागण बरीच सौम्य पडते. वेलभाज्या उघड्यावरच बऱ्या.

उरला हिवाळा. गोंदियाचा पारा डिसेंबर-जानेवारीत विदर्भात अनेकदा सर्वांत खाली असतो, सात-आठ अंशांपर्यंत उतरतो. तेव्हा बंद घराची बाजू खरीच बळकट आहे, हे मी नाकारत नाही. पण त्या थंडीत अडते ते उन्हाळी वांगी-मिरचीच्या रोपांचे आणि लवकर टाकलेल्या काकडीचे. कोबी, मुळा, वाटाणा, मेथी यांना ती थंडी हवीच असते. रोपांसाठी बांबूच्या कामट्यांचा गुडघाभर उंचीचा बोगदा, संध्याकाळी प्लास्टिक ओढायचे, सकाळी नऊला काढायचे, एवढ्याने भागते.

माकडांचा प्रश्न मात्र शेडनेटने सुटत नाही. ती जाळीवर उड्या मारतात, जाळी फाटते, आणि खालचे टोमॅटो त्यांना आणखी सोपे होतात. ज्यांच्या मोहल्ल्यात टोळी येते त्यांनी सांगाडा करतानाच छताच्या पातळीवर वेल्डमेशचा खर्च धरावा आणि पाइप त्या वजनाला पेलतील अशा जाडीचे घ्यावेत. खांब दीड-दोन फूट काँक्रिटमध्ये गाडावेत, ते एप्रिल-मेच्या वादळासाठीही लागतातच. वेल्डमेश एवढे एकच आच्छादन बारा महिने वर राहू द्यायला माझी हरकत नाही. ते ऊनही अडवत नाही आणि वाराही.