वीस तोळ्यांची सरी

आईच्या मागे तिची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा तीत तीन वस्तू अशा निघाल्या की त्यांचे काय करावे हे घरात कोणालाच उमगेना. एक परिचारिकेचा बिल्ला, एक कात्री आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली चांदीची सरी. पहिल्या दोन वस्तू धाकट्या बहिणीने ठेवून घेतल्या. सरी मात्र आमची नव्हती. तिला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती आणि चिठ्ठीवर आईच्या अक्षरात एका स्त्रीचे नाव, गावाचे नाव, ६० रुपये हा आकडा आणि 'परत करणे' असे दोन शब्द होते.

ती कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. १९७३ साली आई सालेकशाच्या बाजूला सरकारी दवाखान्यात नोकरीला होती. तो मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. एक गोंड बाई तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन आली. त्याला गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात नेणे भाग होते, आणि तिच्या कनवटीला काहीच नव्हते. आईने पगारातले साठ रुपये काढून दिले. दरेकसा स्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असता त्या बाईने गळ्यातील सरी उतरवली आणि आईच्या हातात ठेवली. आई नको म्हणाली. ती बाई म्हणाली, "नर्सबाई, फुकटचे घेतले तर मला झोप येणार नाही." पोरगा वाचला. पुढे थोड्याच दिवसांत आईची बदली झाली आणि ती सरी आमच्या घरात पन्नास वर्षे पाहुणी म्हणून राहिली.

आई ही गोष्ट सांगताना सरी उतरवण्याची कृती हाताने करून दाखवीत असे. सरी म्हणजे गळ्यात घालण्याचे, पुढे उघडे असलेले ताठ कडे. छत्तीसगडच्या त्या सीमेवर तिला 'सुता' म्हणतात. ती गळ्यातून काढायची तर दोन्ही टोके एकमेकांपासून सरळ ओढायची नसतात. एक टोक पुढे आणि दुसरे मागे, असा हलकासा पीळ द्यायचा, म्हणजे फट रुंदावते आणि मान बाहेर येते. पीळ सगळ्या कड्यात वाटला जातो. सरळ ओढले तर सगळा ताण मागच्या एकाच जागी पडतो. आईला हे कोणी शिकवले नव्हते. तिने एकदा, फलाटावर, पाहिले होते.

आम्ही ते दोनशे वेळा पाहिले होते, तरी विसरलो. सरी परत करायची तर उजळून करावी, म्हणून ती शहरातील एका दुकानात दिली. सरी पूर्ण गोल नव्हती. मानेमागे किंचित चपटी आणि डाव्या खांद्याकडे झुकलेली होती. दुकानदारास तो दोष वाटला असावा. त्याने ती ओढून गोल केली, आणि मागच्या बाजूस केसासारखी तडा गेलेली सरी चकचकीत डबीत घालून आम्हांस दिली. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. हे कडे असेच असू द्या, एवढे सांगण्याचे आम्हांस सुचले नव्हते.

अशा स्थितीत आम्ही २०२४ च्या फेब्रुवारीत गोंदियाहून डोंगरगडच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसलो. आमगाव आणि सालेकसा मागे पडले की डोंगर जवळ येतात. दरेकशाच्या पुढे लोहमार्ग महाराष्ट्र सोडतो. माघी पौर्णिमा त्या वर्षी २४ तारखेला होती. कचारगडची यात्रा याच दिवसांत भरते, आणि एरवी निवांत असणारे हे छोटे स्थानक माणसांनी ओसंडून वाहते. गोंड समाजाची श्रद्धा अशी की येथील गुहेत कोंडल्या गेलेल्या मुलांना पारी कुपार लिंगोने सोडवले आणि त्यांना गोत्रे लावून दिली. लिंगोचे एक दीर्घ गीत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी उतरवून घेतले होते. ते १८६३ साली बुडून वारले, आणि त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. डोंगराच्या नावात 'कच्चे लोखंड' दडले आहे, असेही तिकडचे लोक सांगतात. भाषाशास्त्र्यांनी त्याचा निवाडा खुशाल करावा. आम्हांला मात्र धातूचे काम घेऊन जाताना ते ऐकून बरे वाटले.

त्या बाईचे घर सापडण्यास फारसा वेळ लागला नाही. ती स्वतः बारा वर्षांपूर्वी गेली होती. तिचा मुलगा, ज्याच्यासाठी सरी गळ्यातून उतरली होती तो, आता पन्नाशी ओलांडलेला, केस पिकलेला गृहस्थ. त्याने आमच्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "तुम्ही नर्सबाईचे लेक का?" आम्ही डबी पुढे केली. त्याने ती उघडली नाही, बायकोच्या हातात दिली. तिने सरी हाती घेतली, बोटाने मागची तड चाचपली आणि आम्हांस शब्दही न विचारता म्हणाली, "चला, सोनाराकडे जाऊ."

रस्त्याकडेच्या एका ओट्यावर म्हातारे सोनारदादा बसले होते. समोर बागेसरी, ऐरण, तीन हातोड्या, पाण्याची कुंडी. त्यांनी सरी उन्हात न पाहता सावलीत नेऊन पाहिली. "ही डाव्या खांद्यावर ओझे वाहणाऱ्या बाईची," ते म्हणाले. आम्ही चपापलो. मुलाने मान हलवली.

मग त्यांनी आम्हांस जे समजावले ते येथे नीट सांगितले पाहिजे. चांदी ठोकली, वाकवली की कडक होते. त्या कडकपणामुळेच कडे आपला बाक धरून ठेवते. मऊ चांदीची सरी गळ्यात सुतासारखी लोंबेल. पण कडकपणा फार झाला की धातू तडकतो. म्हणून कारागीर ठोकता ठोकता मध्येच तिला ताव देतो, म्हणजे मंद लाल होईतो तापवून पुन्हा मऊ करतो. अंधुक उजेडात बसायचे ते यासाठी. उन्हात ती लाली दिसत नाही आणि चांदी वितळून हातची जाते. शेवटचा ताव केव्हा द्यायचा आणि त्यानंतर किती ठोके मारून थांबायचे, यात सगळी विद्या आहे. आता तडेवर डाख लावावा, तर डाखाच्या आचेने आसपासची चांदी मऊ पडणार. ती पुन्हा ठोकून कडक करावी, तर ठोके नेमके सांध्यावर बसणार. "जोडून देतो," दादा म्हणाले, "पण ही भिंतीवर टांगा. गळ्यात घालाल तर पहिल्याच वेळी उघडेल."

आम्ही तत्काळ म्हणालो की जोडूनच द्या, आठवण राहील. रोममधील कॅपिटोलाइन संग्रहालयात मरणोन्मुख गॉल योद्ध्याचा एक संगमरवरी पुतळा आहे. अंगावर वस्त्र नाही, पण गळ्यात अशीच पिळाची, पुढे उघडी सरी आहे.  असे काहीबाही आमच्या मनात चालले होते.

सूनबाईंनी ऐकून घेतले आणि सोनाराला विचारले, "वजन किती भरते?" तराजूत सरी बरोबर वीस तोळे भरली. "मग आटवा. पोरीचे लग्न आहे. दोन ऐंठ्या करा."

आम्हांला ते झोंबले, हे कबूल केले पाहिजे. पन्नास वर्षे जपलेली, एका मानेचा बाक धरून राहिलेली वस्तू मुशीत जाणार! आम्ही काही बोलू लागलो तर ती शांतपणे म्हणाली, "सासूबाईंनी तरी कुठे नवी घेतली होती? त्यांच्या आईच्या तोड्यांची केली होती." त्या घरी चांदी ही अशीच वाहत आली होती, तोडे, मग सरी, आता ऐंठी. खेड्यापाड्यांतील जुने दागिने संग्रहालयांतून एवढे थोडे का दिसतात, याचे कारण आम्हांस त्या ओट्यावर कळले.

दादांनी सरीचे तुकडे केले. तो आवाज आम्ही मान वळवून ऐकला. मुशीत तुकडे, वर टाकणखाराची चिमूट, फुंकणीची फुंकर. रस तेल लावलेल्या लोखंडी खोबणीत ओतला, कांडी निघाली. ती दोन भागांत कापून चौकोनी ठोकायला घेतली. ठोक्यांचा नाद प्रथम बोदा, मग हळूहळू टणक. नाद चढला की ताव, पाण्यात चर्र, आणि पुन्हा ठोके. असे किती वेळा झाले ते आम्ही मोजले नाही. दुपारनंतर चौकोनी सळईचे एक टोक पकडीत धरून दादांनी दुसरे फिरवले, तशा तिच्या चारही कडा मळसूत्रासारख्या अंगाभोवती चढत गेल्या. ऐंठी ती हीच, पिळाची. मग ती लाकडाच्या गोल ओंडक्यावर वाकवली. मुलीला बोलावून तिच्या मनगटावर चढवून पाहिली. मनगट गोल नसते, अंड्यासारखे लांबट असते. दादांनी ओंडक्यावर तेवढाच बाक दिला, शेवटचे ठोके तावाशिवाय मारले आणि दोन्ही ऐंठ्या चिंचेच्या पाण्यात उकळायला टाकल्या.

पांढऱ्याशुभ्र होऊन निघाल्यावर त्या तराजूत घातल्या. काटा थोडा वर राहिला. दादांनी ऐरणीखालचे फडके झटकले, कानशीचा कीस कागदावर गोळा केला आणि पारड्यात ठेवला. मग काटा जवळजवळ जागेवर आला. कीस पुडीत बांधून सूनबाईंच्या हाती दिला.

निघताना मुलगा स्थानकापर्यंत आला. फलाटावर त्याने खिशातून पन्नासची एक आणि दहाची एक नोट काढली. आम्ही हात मागे घेतला. "चिठ्ठीवर लिहिले आहे ना?" तो म्हणाला. आम्ही पैसे घेतले. मग त्याने चिठ्ठी मागितली. तीवर आईचे अक्षर होते, देववत नव्हती. गाडीचा आवाज बोगद्याकडून येऊ लागला होता. आम्ही ती दिली.